न बोलावलेला पंच: पोलीस कारवाईचं मोबाईलवर चित्रीकरण कसं करावं

तो आला, टेबलावर फोन ठेवला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, सगळं रेकॉर्ड आहे." अकरा मिनिटांचा व्हिडिओ. नाकाबंदीत भावाच्या थोबाडीत मारली, अशी त्याची तक्रार होती. मी पूर्ण व्हिडिओ पाहिला. सुरुवातीला त्याचा स्वतःचा अंगठा, मग डांबर, मग एक बॅरिकेड, परत डांबर. आणि सबंध वेळ त्याचाच आवाज: "थांब, व्हायरल करतो, तुझी वर्दी उतरवतो." मध्ये एकदा 'फट्' असा आवाज येतो. तो थोबाडीतला की गाडीच्या दाराचा, हे मला आजही सांगता येणार नाही. त्याची धमकी मात्र कुणालाही स्वच्छ ऐकू येते.

कोर्टात इतकी वर्षं काढल्यावर माझं ठाम मत झालंय की असे बहुतेक व्हिडिओ घेणाऱ्यावरच उलटतात, आणि त्याचं कारण कायदा नसतो, तर घेणारा साक्षीदाराची जागा सोडून पक्षकार होतो. पंचनामा आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पंच काय करतो? उभा राहतो, पाहतो, जे दिसलं त्याखाली सही करतो. तो भांडत नाही, ओढाओढी करत नाही, निकालही देत नाही. रस्त्यावर मोबाईल घेऊन उभे राहता तेव्हा तुम्ही न बोलावलेले पंच असता. पुढे जे सांगतोय ते सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी कायदा, पण थोडक्यात

"पोलिसांचं चित्रीकरण करण्याचा हक्क" असं शीर्षक असलेलं कलम कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. तसंच सार्वजनिक रस्त्यावर कर्तव्य बजावणाऱ्या पोलिसाचं चित्रीकरण हाच गुन्हा, असं सांगणारं कलमही नाही. आधार आहे तो संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(अ) चा, म्हणजे भाषण व अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा, आणि त्यावर १९(२) मधली वाजवी बंधनं आहेत.

मग गुन्हा कशाचा दाखल होतो? "सरकारी कामात अडथळा" हे आपल्याकडचं परवलीचं वाक्य. लोक अजूनही "तीनशे त्रेपन्न लावला" असंच म्हणतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा ते कलम १३२ झालं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, आणि अजामीनपात्र. पण कलम नीट वाचा: त्यात लोकसेवकावर हल्ला किंवा बळाचा वापर झालेला असावा लागतो. पंधरा फुटांवरून फोन धरणं म्हणजे बळ वापरणं नव्हे. फोन हिसकावताना तुम्ही हाताला झटका दिलात, तर मात्र कलमाला हवी असलेली गोष्ट तुम्हीच पुरवलीत.

दुसरं कलम २२१, जुनं १८६. नुसत्या अडथळ्याचं. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत किंवा अडीच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यात कोर्टाला दखल घ्यायची तर संबंधित लोकसेवकाची लेखी तक्रार लागते, नुसता एफआयआर पुरत नाही. कलम २२३ म्हणजे आदेशाचा भंग. जमावबंदी लागू असताना किंवा "इथून हला" असा रीतसर आदेश असताना तुम्ही तिथेच थांबलात तर ते लागू शकतं.

आणि पोलीस ठाण्यात? वर्षानुवर्षं ठाण्याच्या भिंतीवर "चित्रीकरणास मनाई" अशी पाटी आणि मागे शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ ची धमकी, असा जोडीचा कारभार चालायचा. वर्ध्यातल्या एका माणसाने शेजाऱ्याशी झालेल्या वादावरून ठाण्यात गेल्यावर तिथलं बोलणं रेकॉर्ड केलं आणि त्याच्यावर याच कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०२२ मध्ये तो रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं सरळ होतं: त्या कायद्यात "प्रतिषिद्ध ठिकाण" म्हणजे काय याची व्याख्या आहे आणि तीत पोलीस ठाणं येत नाही. पुढे २०२४ मध्ये पाथर्डीच्या ठाण्यातल्या रेकॉर्डिंगच्या प्रकरणात औरंगाबाद खंडपीठानेही हीच वाट धरली.

मात्र या निकालांचा अर्थ ताणू नका. हेरगिरीचा कायदा दूर झाला एवढंच. ठाण्यात बसलेल्या एखाद्या बाईची फिर्याद तुमच्या व्हिडिओत आली किंवा तुम्ही ठाणे अंमलदाराच्या टेबलावर वाकून स्टेशन डायरी टिपायला लागलात, तर दुसरी कलमं आहेतच. गोव्यातल्या वाचकांसाठी: तिथेही उच्च न्यायालय मुंबईचंच, त्यामुळे हे निकाल लागू. बेळगाव-निपाणीकरांनी मात्र लक्षात ठेवावं की तिथे कर्नाटक उच्च न्यायालय आहे. मुंबईचा निकाल तिथे दाखवता येतो, पण तो बंधनकारक नसतो.

फोनची तयारी, घरी बसून

प्रसंग उभा राहिल्यावर सेटिंग शोधत बसायला वेळ नसतो. म्हणून हे आजच करा. साधारण वीस मिनिटं लागतात.

फोनला निदान सहा आकडी पासकोड लावा. बोट किंवा चेहरा दाखवून उघडणारा फोन सोयीचा खरा, पण तुमचं बोट दुसऱ्या कुणालाही धरून टेकवता येतं. आयफोनमध्ये बाजूचं बटण आणि आवाजाचं बटण एकत्र दाबून धरलं की चेहरा चालत नाही, पासकोडच लागतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरच्या मेनूत "लॉकडाउन" हा पर्याय असतो, तोच उपयोग. पासकोड सांगायची सक्ती करता येते का, यावर उच्च न्यायालयांचं एकमत नाही. कर्नाटकचा २०२१ चा निकाल तपास यंत्रणेकडे झुकतो, दिल्लीचा २०२३ चा आरोपीकडे. त्यामुळे "सांगणारच नाही, काय करायचं ते करा" असा आवाज चढवण्यापेक्षा "वकिलांशी बोलून सांगतो" हे वाक्य पाठ करा.

कुलूप न उघडता कॅमेरा कसा सुरू होतो ते शिकून घ्या. बहुतेक अँड्रॉइडवर पॉवरचं बटण दोनदा दाबलं की होतो. घरच्या सोफ्यावर दहा वेळा करून बघा. हसू येईल, पण नाकाबंदीवर हात थरथरत असताना बोटांना सवय असलेलीच गोष्ट जमते.

तारीख-वेळ आपोआप राहू द्या. जागा मोकळी ठेवा. १०८०पी दर्जाचा व्हिडिओ मिनिटाला साधारण साठ ते एकशे तीस एमबी खातो, म्हणजे अर्ध्या तासाला दोन ते चार जीबी. फोरके लावू नका. फाईल उगाच जड होते आणि क्लाउडवर चढायला वेळ घेते. फोटो-व्हिडिओंचा बॅकअप मोबाईल डेटावरही चालू ठेवा. फोन गेला, फुटला तरी प्रत वर कुठेतरी राहते.

आणि एक नंबर पाठ करा. फोनमध्ये सेव्ह नव्हे, पाठ. बहिणीचा, मित्राचा, ओळखीच्या वकिलाचा, कुणाचाही चालेल. फोन हातातून गेला की आपल्याला आपल्या घरचाही नंबर आठवत नाही, हे मी ठाण्याच्या बाकड्यावर बसलेल्या माणसांकडून कितीदा तरी ऐकलंय.

जागेवर

अपघात असेल, कुणी रक्ताळून पडलं असेल तर आधी १०८. व्हिडिओ नंतर.

अंतर ठेवा. किती? कायद्यात आकडा नाही. माझा अंदाज असा की कारवाई करणाऱ्याने हात लांब केला, मागे वळला, कुणाला खेचलं, तरी त्याचा धक्का तुम्हाला लागणार नाही एवढं. पंधरा-वीस फूट बरे. दोरी बांधली असेल, बॅरिकेड असेल तर पलीकडे पाऊल टाकू नका. शक्य तर पाठीमागे भिंत, दुकानाचं शटर किंवा उभी गाडी घ्या. मागून कुणी ढकलत नाही आणि फोन टेकवायला आधार मिळतो.

फोन उघडपणे धरा, छातीच्या उंचीवर, आडवा, दोन्ही हातांनी, कोपरं अंगाला चिकटवून. तोंडासमोर धरला की तो रोखल्यासारखा वाटतो आणि समोरच्याचं रक्त उगाच तापतं. शर्टाच्या खिशातून चोरून घेणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की चोरून घेतलं म्हणून पुरावा बाद होतोच असं नाही, पण खिशातल्या फोनला आभाळ आणि पंखेच दिसतात.

सुरुवातीलाच एक वाक्य बोला: तारीख, वेळ, ठिकाण. "आज अमुक तारीख, रात्रीचे नऊ चाळीस, अमुक चौक, पेट्रोल पंपासमोर." बस. त्यानंतर तोंड बंद. मग कॅमेरा अगदी सावकाश, श्वास घेत घेत, एकदा डावीकडून उजवीकडे फिरवा: दुकानाची पाटी, चौकाचं नाव, पोलीस गाडीचा नंबर. मग घटनेवर आणा आणि तिथेच ठेवा. झूम करू नका, चित्र फाटतं.

बंद-चालू करू नका. पुढे कोर्टात हमखास येणारा पहिला प्रश्न म्हणजे "मधलं कुठे गेलं?" २५ मे २०२० ला अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये डार्नेला फ्रेझर ही सतरा वर्षांची मुलगी फूटपाथवर उभी राहून जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवरचा पोलिसाचा गुडघा सुमारे दहा मिनिटं टिपत राहिली. तिथल्या पोलिसांच्या पहिल्या प्रसिद्धिपत्रकात तो मृत्यू वैद्यकीय घटना म्हणून सांगितला होता. ते पत्रक टिकलं नाही, कारण तिने जागा सोडली नाही आणि चित्रीकरण थांबवलं नाही.

काय टिपायचं? सगळे चेहरे टिपण्याच्या मागे लागतात. मी म्हणतो, हात टिपा. मारहाणीच्या प्रकरणात कोण कुठे उभं होतं आणि कुणाचा हात कुठे होता हेच सगळ्यात जास्त विचारलं जातं. त्यानंतर नावाची पट्टी. अटक करणाऱ्या पोलिसाने आपलं नाव स्पष्ट दिसेल असं लावलंच पाहिजे. १९९६ च्या डी. के. बसू निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे घालून दिलं आणि आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम ३६ मध्ये आहे. शिपाई-हवालदारांचा बक्कल नंबर दिसला तर उत्तम. पट्टी नसेल तर तीही नोंद आहे. "नावाची पट्टी नाही" एवढे तीन शब्द बोलले तरी चालतील.

अटक होताना दिसत असेल तर आणखी काही गोष्टींकडे लक्ष असू द्या. बाईला नेताना महिला पोलीस आहे का? सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक अपवादात्मक कारणाखेरीज करता येत नाही. अटकेच्या मेमोवर घरच्यांपैकी किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते. तो कागद तिथे झाला की नाही, हे तुमच्या व्हिडिओत आपोआप येतं. साध्या वेशातले लोक कुणाला गाडीत घालत असतील तर दुरूनच, नम्रपणे, "साहेब, कुठल्या पोलीस ठाण्यात नेताय?" एवढंच विचारा. उत्तर मिळो न मिळो, प्रश्न रेकॉर्ड होतो.

घराची झडती असेल तर चित्र उलट आहे. याच सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण पोलिसांनी स्वतःच करायचं आणि विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं असतं. तुमच्या घरात झडती असेल तर पहिला प्रश्न: "साहेब, तुमचं रेकॉर्डिंग चालू झालं ना?" हा प्रश्न मी एका आजींना शिकवला होता. त्यांनी तो चहाचा कप पुढे करत विचारला, आणि आलेल्या फौजदारांनी खरंच थांबून फोन काढला.

"ए, बंद कर ते!"

हे येणारच. इथेच बहुतेक व्हिडिओ बिघडतात, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिली गोष्ट: कलमं तोंडावर फेकू नका. "माझा मूलभूत हक्क आहे" हे वाक्य खरं आहे, पण रात्री अकरा वाजता, बारा तास ड्युटी झालेल्या हवालदाराला ते आव्हान वाटतं. याउलट हे बघा:

"ए, शूटिंग बंद कर."

"साहेब, मी लांब उभा आहे, तुमच्या कामात येत नाही. अजून मागे होऊ का?"

"मागे हो."

"झालो, साहेब." आणि खरोखर चार पावलं मागे. फोन चालूच.

या संवादात तुम्ही आदेश पाळलात, अडथळा नाही हे तुमच्याच व्हिडिओत आलं, आणि चित्रीकरणही थांबलं नाही. "साहेब", "मॅडम" म्हटल्याने कुणाची कॉलर खाली येत नाही. अरे-तुरे त्यांनी केलं तरी तुम्ही करू नका. ऐकणारा न्यायाधीश दोन्ही आवाज ऐकणार आहे.

"फोन इकडे दे" म्हणाले तर विचारा: "साहेब, जप्त करताय का? कुठल्या गुन्ह्यात? पंचनामा आणि पावती मिळेल ना?" पोलिसांना गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असलेली वस्तू जप्त करता येते, पण जप्ती म्हणजे कागद. तुमचा फोन पुरावा म्हणून हवा असेल तर ठाणे प्रभारी सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली लेखी मागणी करू शकतात. "बघू, काय काढलंस" ही जप्ती नाही.

तरीही हिसकावलाच तर सोडून द्या. अगदी शब्दशः, बोटं उघडा. फोन वीस हजारांचा असेल; कलम १३२ चा खटला त्याहून महाग पडतो, पैशाने आणि वर्षांनी. हातातून जाण्याआधी लॉक करता आला तर करा. मग घेणाऱ्याचं नाव, बक्कल नंबर, गाडीचा नंबर आणि घड्याळातली वेळ डोक्यात बसवा. आसपासच्या दोघांना विचारून ठेवा, "तुम्ही पाहिलंत ना?" आणि तिथून ठाण्यात जाऊन लेखी अर्ज द्या.

"डिलीट कर" म्हटलं तर स्वतःच्या हाताने डिलीट करू नका. कोर्टात पुरावा म्हणून येऊ शकणारी इलेक्ट्रॉनिक नोंद मुद्दाम नष्ट करणं हा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम २४१. ते करायला लावणाऱ्यालाही ते लागू शकतं. पण हे तिथे सुनवायचं नाही, नंतर अर्जात लिहायचं. दबावाखाली डिलीट झालंच तर घाबरू नका. आयफोनच्या "अलीकडे हटवलेले" मध्ये ते तीस दिवस राहतं. गूगल फोटोजच्या कचरापेटीत बॅकअप झालेला व्हिडिओ साठ दिवस, न झालेला तीस दिवस. तिथूनही काढून टाकला असेल तर त्या फोनवर नवीन काही रेकॉर्ड न करता तो बंद करून जाणकाराकडे न्या.

जिथे फोन खिशातच बरा

लष्करी छावणी, नौदलाची गोदी, दारूगोळ्याचे कारखाने अशी प्रतिषिद्ध ठिकाणं. कोर्टाचं कामकाज. मतदान केंद्राचा आतला भाग. आणि चालू असलेली दहशतवादविरोधी कारवाई. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत काय झालं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं, आणि अडचण नेमकी तीच होती: सीमेपलीकडे बसलेले सूत्रधारही तेच पाहत होते आणि हॉटेलातल्यांना फोनवर सूचना देत होते. कसाबच्या अपिलावर २०१२ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना त्यावरून चांगलंच सुनावलं. वाहिन्यांना जे लागू, ते आपल्या लाइव्हलाही तितकंच लागू.

एकूणच लाइव्ह करू नये असं माझं मत. चालू प्रसंगात कुठला चेहरा चौकटीत येईल ते तुमच्या हातात नसतं. फोन हिसकावला जाणार अशी खात्रीच वाटली तर गोष्ट वेगळी.

गाडीवर "प्रेस" लिहिलेलं असेल तर त्यानेही वेगळा अधिकार मिळत नाही. पत्रकाराला आणि भाजीवाल्याला अनुच्छेद १९ सारखाच आहे. उलट बोगस ओळखपत्र निघालं तर तेवढ्यावर वेगळं प्रकरण उभं राहतं.

त्याच रात्री

घरी आलात, हातपाय धुतलेत, आता व्हिडिओला हात लावू नका. कापणं नाही, नाव बदलणं नाही, गाणं तर नाहीच. मूळ फाईल फोनमध्ये तशीच ठेवा आणि केबल लावून तिच्या दोन प्रती काढा, एक पेनड्राइव्हवर, एक विश्वासातल्या माणसाकडे. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखं पाठवलं की व्हिडिओ दाबला जातो, मूळ माहिती गळते. पाठवायचंच असेल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा.

मग वहीत लिहा. कुठे उभे होतात, अंतर किती, उजेड कसा, कोण काय म्हणालं, सोबत कोण होतं. झोपायच्या आधी. खटला उभा राहीपर्यंत तीन वर्षं जाऊ शकतात आणि तोवर तुम्हाला व्हिडिओच आठवेल, प्रसंग नाही.

कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं. याचा सगळ्यात गाजलेला निकाल आपल्या जालन्यातून गेला. २०१४ च्या विधानसभेत अर्जुन खोतकर कैलास गोरंट्याल यांच्याविरुद्ध २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज वेळेत भरला होता की नाही हा वाद, आणि पुरावा म्हणजे निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं चित्रीकरण. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० ला ठरलं: प्रत देणार असाल तर प्रमाणपत्र अनिवार्य. मूळ उपकरणच कोर्टात आणून मालकाने साक्ष दिली तर त्याची गरज नाही.

आता हे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे जुन्या पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग: भाग अ फोन ज्याच्या ताब्यात होता त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाईलचा अंगठा समजा. एक सेकंद जरी कापला तरी अंगठा बदलतो. संगणकावर ती मोफत काढता येते; पहिल्याच रात्री काढून वहीत लिहून ठेवलीत तर पुढे "छेडछाड केली" या आरोपाला तुमच्याकडे तारीख घातलेलं उत्तर असतं.

द्यायचा कुणाला

पहिली पायरी लेखी तक्रार, संबंधित ठाण्यात. घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने. शहरात आयुक्तालय असेल तर उपायुक्तांकडे. तिथेही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह अर्ज. लोकसेवकाविरुद्धच्या तक्रारीत वरिष्ठांचा अहवाल मागवला जातो, त्याचं म्हणणंही विचारात घेतात, तेव्हा वेळ लागतो हे धरून चला.

कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी अशा तक्रारींसाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. २००६ च्या प्रकाश सिंग निकालाने अशी प्राधिकरणं उभी करायला सांगितली आणि महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून ते आणलं. मानवी हक्क आयोगाकडे जायचं असेल तर घटनेपासून एक वर्षाच्या आत. फुकट वकील हवा असेल तर १५१०० वर विधी सेवा.

लाच मागितली असेल तर व्हिडिओ व्हायरल करण्याआधी १०६४ ला फोन करा, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. व्हिडिओ आधीच बाहेर फुटला की सापळा लागत नाही, माणूस सावध होतो. आणि स्वतः पैसे देतानाचा व्हिडिओ काढला असेल तर लक्षात घ्या: २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे. सक्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार केली पाहिजे, तरच तुम्ही सुटता. पाचशे रुपये देतानाची रील टाकून लाइक मोजत बसणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

घटना ठाण्यात घडली असेल तर तुमच्या व्हिडिओपेक्षा त्यांचा सीसीटीव्ही मोठा साक्षीदार. २ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात दार, लॉकअप, व्हरांडा, स्वागतकक्ष असे सगळीकडे कॅमेरे लावायला आणि चित्रण अठरा महिने, जमत नसेल तर किमान वर्षभर जपायला सांगितलं. प्रत्यक्षात "कॅमेरा बंद होता" हे उत्तर काही दुर्मीळ नाही. म्हणून दोन-तीन दिवसांतच अर्ज द्या: तारीख, अमुक ते अमुक वेळ, ठाणे अंमलदाराच्या टेबलाचा आणि दाराचा कॅमेरा, चित्रण जतन करावं. सोबत दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्जही. आणि दोन्हींवर पोच. शिक्का, तारीख, सही. आवक-जावकच्या खिडकीतला माणूस "ठेवून जा" म्हणेल. पोच मिळेपर्यंत खिडकी सोडू नका.

टाकायचाच असेल तर

लहान मुलाचा चेहरा, मग ते पीडित असो की आरोपी, झाकलाच पाहिजे. लैंगिक गुन्ह्यातल्या बाईची ओळख कुठल्याही रूपात उघड करणं गुन्हा आहे. चेहरा झाकला पण मागे घराची पाटी दिसली, तरी ओळख पटतेच. बघ्यांचे चेहरेही झाकलेले बरे. मूळ फाईलला हात न लावता हे सगळं प्रतीवर करा.

मथळा कोरडा ठेवा: तारीख, ठिकाण, काय दिसतं. "पोलिसांनी खून केला" हा निष्कर्ष आहे, आणि तुम्ही पंच आहात. गंमत बघा, जुनं ३५३ आता १३२ झालं, पण ३५३ हा आकडा रिकामा राहिला नाही. न्याय संहितेतलं नवं ३५३ खोटी माहिती आणि अफवा पसरवून लोकांत भीती किंवा तेढ निर्माण करण्याबद्दल आहे. म्हणजे रस्त्यावर शहाण्यासारखं वागून जुन्या तीनशे त्रेपन्नातून सुटलेला माणूस घरी येऊन एका भडक मथळ्यापायी नव्या तीनशे त्रेपन्नात सापडू शकतो.

आता शेवटची सूचना, जी ऐकल्यावर अशील माझ्याकडे हमखास संशयाने बघतात. ज्या फोनवर व्हिडिओ घेतला तो विकू नका, एक्सचेंजला देऊ नका, मुलाला गेम खेळायला देऊ नका. नवीन घेतलात तर जुना साधारण अर्धा चार्ज करून, बंद करून, वर तारीख लिहिलेल्या लिफाफ्यात घालून कपाटात ठेवा, आणि दर तीन-चार महिन्यांनी काढून चार्ज करा. सुरुवातीला सांगितलेला तो अशील, डांबराच्या व्हिडिओवाला, पुढच्या तारखेला आला तेव्हा त्याच्या हातात नवा कोरा फोन होता. मी जुन्याची चौकशी केली. म्हणाला, "दिवाळीच्या ऑफरमध्ये दिला साहेब, चार हजार सुटले."